मदत हवी आहे: दोन विमानतळांमधलं अंतर जमलं, उड्डाणाचा वेळ जमेना

मंडळी, एक्सेलमध्ये एक छोटा तक्ता करतोय. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश टाकले की हवाई अंतर आणि अंदाजे वेळ मिळावा, इतकंच. अंतराचं काम झालंय. हॅव्हरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर अक्षांश-रेखांशावरून काढणारं) वापरलं, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरली, तर लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके साधारण ५५४० किमी येतं. पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच, ते चालेल.

घोडं अडलंय वेळेपाशी. ताशी ९०० किमीने भागलं तर सहा तास नऊ मिनिटं. वेळापत्रकात मात्र न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तास आणि उलट दिशेला आठच्या आसपास! पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट स्ट्रीममुळे, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे, दोन दिशांत फरक पडतो, हे कळतं. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यातच. पाचशे किमीच्या उड्डाणात तर हाच भाग जड पडतो, म्हणून सगळीकडे एकच सरासरी वेग लावणं मला पटत नाही.

तर, प्रत्येक उड्डाणाला ठरावीक मिनिटं जोडून मग अंतर भागिले वेग करावं का? किती मिनिटं धरता? हिवाळ्यात जेट स्ट्रीमचा जोर वाढतो, त्यासाठी महिन्यानुसार वेगळे आकडे ठेवावेत का? आणि बंद हवाई क्षेत्राला वळसा पडत असेल तर अंतर कसं वाढवायचं?

तयार कॅल्क्युलेटरची लिंक नको, हिशोब कसा मांडायचा ते सांगा.