'हेडलायनर' बंद झालं ते बरंच झालं?

दर्याकिनारी:
कालच्या धाग्यात साधामाणूस यांनी लिहिलं की हाँगकाँगच्या 'हेडलायनर'साठी लोक गळा का काढतात ते त्यांना कळत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या विनोदी कार्यक्रमानं सरकारचीच टिंगल करायची, पोलिसाला कचऱ्याच्या डब्यातून बाहेर काढायचं, आणि बंद झाला की स्वातंत्र्य गेलं म्हणायचं, असा एकूण सूर. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

मी हाँगकाँगच्या शा टिन भागात अकरा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं या कार्यक्रमातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजी, आम्ही त्यांना पो-पो म्हणायचो, हसून हसून डोळे पुसायच्या आणि मी नुसती बघत बसायची. आठवड्याच्या बातम्यांचे तुकडे घ्यायचे, त्यांना जुन्या सिनेमातले संवाद आणि गाणी जोडायची, मध्ये छोटे प्रवेश. दरबारातली राजमाता शहराच्या कारभारावर बोलायची तेव्हा रोख कुणावर आहे ते कुणी समजावून द्यावं लागत नसे. माझं निम्मं कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगची भाषा, तिथं घडलं.

आता सरकारी पैशाचं. १९८९ ला सुरू झालं तेव्हा गव्हर्नर ब्रिटिश होता. २००१ मध्ये कार्यक्रमवाल्यांनी हाँगकाँगचे तेव्हाचे मुख्याधिकारी तुंग ची-ह्वा यांच्या सरकारला तालिबानच्या रांगेत बसवलं. तुंग चिडले, हीन अभिरुची म्हणाले. कार्यक्रम मात्र पुढे एकोणीस वर्षं चालला. कार्यक्रम बनवणारी संस्था, रेडिओ टेलिव्हिजन हाँगकाँग, हे सरकारी खातं आहे हे खरंच, पण २०१० च्या सनदेत त्याला संपादकीय स्वातंत्र्य सरकारनंच लिहून दिलंय. पैसा लोकांच्या कराचा आहे, मुख्याधिकाऱ्यांच्या खिशातला नाही.

साधामाणूस:
माझं नाव घेतलंत म्हणून लिहितो. तुंग यांच्यावर टीका एक वेळ ठीक, ते सत्तेवर होते. फेब्रुवारी २०२० च्या भागात साधा पोलिस होता. हातापायांना पिशव्या गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातून वर येतो, याला तुम्ही विनोद म्हणता? माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते. ९२-९३ च्या दंगलीत ते सलग चार दिवस घरी आले नाहीत. पाचव्या दिवशी आले तेव्हा बूट काढताना मोज्याबरोबर कातडं निघालं. आई रडत होती आणि समोरच्या घरातली पोरं खिडकीतून 'पांडू, पांडू' ओरडत होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ते हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

दर्याकिनारी:
तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, तो या वादात आणायची गरज नव्हती. ती भूमिका करणारा नट वाँग हेइ स्वतः आधी पोलिसात होता, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि याच संस्थेनं वर्षानुवर्षं पोलिसांचाच कार्यक्रम बनवला. त्याचंच विडंबन होतं ते. त्या प्रवेशाच्या शीर्षकातच कोटी आहे: पोलिसांसाठीच्या शब्दातलं पहिलं अक्षर आणि भीतीचं अक्षर, दोन्ही 'गिंग'. फरक फक्त सुराचा. एवढ्याशा सुरावर अख्खा प्रवेश उभा होता.

साधामाणूस:
म्हणजे बोलीभाषेतला शाब्दिक खेळ. चिनीच्या एका बोलीतल्या कोट्यांना जागतिक वारसा ठरवायची घाई कशाला?

आंबोलीघाट:
थांबा. 'बोली' कुणाला म्हणताय? कँटोनीज बोलणारा आणि चीनची राजभाषा मँडरिन बोलणारा समोरासमोर आले तर एकमेकांचं बोलणं समजत नाही. तरी ती बोली! आम्ही कोकणीवाल्यांनी हेच ऐकत आयुष्य काढलं. माझी आई म्हापशाची, वडील सावंतवाडीचे. पुण्याच्या शाळेत बाईंनी वर्गासमोर सांगितलं, कोकणी म्हणजे अशुद्ध मराठी. मी घरी येऊन आईशी मराठीत बोलायला लागले. तिनं काही म्हटलं नाही, पण तिचा चेहरा आठवतो.

कट्टेकरी:
आंबोलीघाट, हा धागा चिनी कार्यक्रमाचा आहे. आणि कोकणीला साहित्य अकादमीनं मान्यता दिली म्हणून मराठीशी नातं तुटत नाही. ज्ञानेश्वरीतले किती शब्द आज कोकणीत जिवंत आहेत ते बघा.

आंबोलीघाट:
नातं कोण तोडतंय? बहीण म्हणा, मुलगी म्हणू नका. १९८७ ला गोव्याची राजभाषा झाली, १९९२ ला आठव्या परिशिष्टात आली, आणि २०२० नंतरही मला इथे हेच पुन्हा सांगावं लागतंय.

कट्टेकरी:
राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे, ते सोयीस्करपणे गाळलंत.

आंबोलीघाट:
गाळलं नाही. विषय तुम्ही वळवलात. आमच्या घरात कोकणी रोमी लिपीत लिहायची की देवनागरीत यावरून मामा आणि काका दोन वर्षं बोलत नव्हते, मला या भांडणाची किंमत माहीत आहे.

दर्याकिनारी:
कृपया मुद्द्यावर या. खरं तर हाच मुद्दा आहे. हाँगकाँगच्या कित्येक शाळांत चिनी विषय आता मँडरिनमधून शिकवतात. ज्या भाषेत पो-पो हसायच्या, तिच्यातली दर आठवड्याची सरकारी खर्चानं चालणारी थट्टा १९ जून २०२० ला थांबली. मे महिन्यात तिथल्या कम्युनिकेशन्स अथॉरिटीनं, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, पोलिसांचा अपमान झाला म्हणून ताकीद दिली, संस्थेनं माफी मागितली, खेळ खलास. २०२१ मध्ये तर वर्षापेक्षा जुने कार्यक्रमच यूट्यूबवरून उतरवले. मी शोधायला गेले तर दुवे मेलेले. बंद करणं एक वेळ समजू शकते, एकतीस वर्षांचं पुसून टाकायचं?

साधामाणूस:
जुने भाग काढायला नको होते. हे मान्य.
पण एक सांगा. कोरोनात डॉक्टरांना मास्कसारखी संरक्षक साधनं मिळत नाहीत आणि पोलिसांकडे ढीग आहे, असं त्या भागात सुचवलं. ते तपासलं होतं का त्यांनी?

दर्याकिनारी:
तिथं जास्त काळजी घ्यायला हवी होती. विनोद असला तरी आकड्यांशी खेळताना तपासायलाच हवं. एवढंच मान्य करते, त्यापुढे नाही. त्याच महिन्यात इस्पितळातले कर्मचारी संपावर गेले होते, माझी मैत्रीण त्यात होती, तिला एक मास्क दोन पाळ्या पुरवावा लागत होता. त्या रागाला कुणीतरी पडद्यावर जागा दिली.

आंबोलीघाट:
साधामाणूस, 'बोली' शब्द मागे घ्या.

साधामाणूस:
कँटोनीजपुरता मागे घेतो. कोकणीचं कट्टेकरींशी बोला.