आईसाठी जीपीएस बँड घ्यावं का? (घड्याळ दहा मिनिटांत काढून ठेवते)

ठाणेकर_लेक:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आई ७६ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दिवसा एक मावशी असतात, संध्याकाळी मी येते. गेल्या महिन्यात मावशी गेल्या आणि मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात आई गाऊनवर ओढणी घेऊन पायात माझ्या मुलाच्या स्लिपर घालून बाहेर. वॉचमनला वाटलं खाली फेरी मारायला निघाल्या. दीड तासाने सापडली ती ठाणे स्टेशनवर, एका बाईंनी धरून बसवून ठेवली होती कारण ही प्रत्येकाला विचारत होती चर्नी रोडची गाडी कुठे लागते म्हणून. लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत आली होती, ती खोली सोडून आम्हाला २६ वर्षं झाली. ठाण्याहून चर्नी रोडला थेट गाडीच नाही हे तिला कोण सांगणार, तिच्या डोक्यात संध्याकाळ झाली की घरी जायचं आणि घर म्हणजे ते.

तर भावाने पुण्याहून ऑनलाईन सिमवालं जीपीएस घड्याळ पाठवलं. आईने घातलं, "कुणाचं तरी राहिलंय गं इथे" म्हणाली आणि काढलं. परवा तांदळाच्या डब्यात मिळालं. ॲपमध्ये लोकेशन मात्र एकदम बरोबर होतं, घरीच.

कुणी वापरलंय का प्रत्यक्षात? जाहिराती वाचून झाल्यात, वापरलेल्यांचं ऐकायचंय. आणि तिला न सांगता असं काही अंगावर लावणं बरोबर का, हेही डोक्यात घोळतंय.

पंत_पिंपरी:
ताई, बाबांना (८१) दोन वर्षं झाली घड्याळ लावून. आमचं जमलं कारण ते जन्मभर एचएमटी वापरत आले, हातात घड्याळ नसेल तर त्यांनाच चुकल्यासारखं होतं. रबरी पट्ट्याचं आणलं तेव्हा त्यांनीही फेकलं होतं, मग गोल डायलचं, आकडे मोठे, पट्टा चामड्यासारखा दिसणारं शोधलं. आणि उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाच्या उजव्याच मनगटावर बांधा, बकल आतल्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताने सोडवता येत नाही पटकन.

आता तोटे. पहिलं म्हणजे स्वस्तातली बरीच घड्याळं फक्त टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम घातलं की डब्बा, कारण जिओचं टूजी नाहीच. आमचे १५ दिवस यात गेले, दुकानदार म्हणे घड्याळ ठीक आहे, सिमवाले म्हणे सिम ठीक आहे, दोघेही खरं बोलत होते. दुसरं चार्जिंग. रोज. बाबा झोपले की काढायचं आणि सकाळी चहाच्या आधी परत हातात, हे ज्या दिवशी राहिलं त्याच दिवशी ते बाहेर पडणार असं समजून चाला. तिसरं, बिल्डिंगच्या आत जीपीएसला आकाश दिसत नाही, मग ते मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधतं आणि बाबा सोफ्यावर बसलेले असताना मला ऑफिसात मेसेज की ॲपमध्ये घराभोवती आखलेली हद्द ओलांडली. हद्द १०० मीटरची ठेवली होती, ती ५०० केल्यावर शांतता झाली, पण ५०० मीटर म्हणजे बाबा हायवेपर्यंत पोचलेले असतात हेही लक्षात घ्या.

एकदाच खरा उपयोग झाला. पहाटे पाचला फर्स्ट शिफ्टला निघाले, रिटायर होऊन २३ वर्षं. ठिपका दाखवत होता एका गल्लीत, मिळाले त्याच्या तीनचारशे मीटर पुढे कंपनीच्या जुन्या गेटच्या टपरीवर चहा पीत. ठिपका नसता तर मी उलट दिशेला मंदिराकडे गेलो असतो, तेवढं मात्र नक्की.

खवचट_काका:
राग मानू नका पण गुरांच्या कानात बिल्ला मारतात त्यातला प्रकार वाटतो हा. आमच्या आजीला पण विसरायला व्हायचं, अख्खी आळी ओळखायची, कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. माणसं कमी झाली म्हणून मशीन.

ठाणेकर_लेक:
काका, आळी असती तर हा प्रश्न विचारायलाच आले नसते. आमच्या टॉवरमध्ये २२ मजले आहेत आणि आईला नावाने ओळखणारी माणसं चार, त्यात एक वॉचमन, तो दर तीन महिन्यांनी बदलतो.

सिस्टर_नाशिक:
मी वृद्धांच्या केंद्रात १२ वर्षं काम करते, तिथली बाजू सांगते. आमच्याकडे मनगटाला टॅग असतो आणि दाराशी रिसीव्हर, आजीआजोबा फाटकाजवळ आले की नर्सिंग काउंटरवर बेल वाजते. लोकेशन बिकेशन काही नाही, फक्त दार. सुरुवातीला बेल वाजली की आम्ही सगळ्या धावायचो. सहा महिन्यांनी? एक आजोबा फाटकाशी पेपरवाल्याची वाट बघत उभे राहायचे रोज, बेल रोज वाजायची, मग "वाजू दे गं, ते आजोबाच असणार" सुरू झालं. आणि एक दिवस ते आजोबा नव्हते, दुसऱ्याच एक आजी होत्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने आणून सोडल्या, नशीब. त्यानंतर आम्ही आजोबांची खुर्चीच फाटकापासून लांब सावलीत हलवली आणि पेपर तिथे द्यायला सांगितला. बेल खोटी वाजते तेव्हा ती का वाजते ते आधी मिटवा, नाहीतर घरीसुद्धा हेच होणार.

अजून एक, पट्ट्याखालची कातडी रोज बघा. या वयात कातडी कागदासारखी असते, घामाने आणि साबण राहून गेल्याने पुरळ उठतो, मग ते खाजवतात आणि आपल्याला वाटतं मुद्दाम काढतात.

तुमच्या आईसाठी मनगट विसराच. बायका गाऊनवर असतात ना घरी, सगळ्या गाऊनना आतून कमरेपाशी छोटा खिसा शिवून घ्या, चेन नको, बटण. साडी नेसत असतील तर परकरालाही. त्यात टॅग. आणि दाराला वरच्या बाजूला चुंबकाचा सेन्सर बसवा, उघडलं की वाजणारा, तो स्वस्त मिळतो आणि रोज चार्ज करावा लागत नाही. आमच्या अनुभवात बँडपेक्षा दाराच्या बेलने जास्त माणसं वाचवलीत. पण ती ऐकायला घरात कुणीतरी हवं, म्हणजे तुमची ती वीस मिनिटं आधी बुजवा. मावशींना अर्धा तास जास्तीचे पैसे द्या.

कीबोर्ड_वीर:
टॅग म्हणजे एअरटॅग म्हणत असाल तर त्यात जीपीएस नसतं हं. ते ब्लूटूथवर चालतं, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या आयफोनवरून जागा कळते. ठाणे स्टेशनवर मस्त चालेल, गावाकडे शेताच्या बांधावर काही दिसणार नाही. सेल साधारण वर्षभर जातो हा मोठा फायदा. ॲपल स्वतः सांगतं की हे वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि कुणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून त्यात सोयी आहेत, म्हणजे मावशी आईंना घेऊन बागेत गेल्या की मावशींच्या फोनवर मेसेज येऊ शकतो की अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय. त्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर घाबरून काम सोडतील :) मालकापासून बराच वेळ लांब राहिला तर तो टॅग स्वतःही वाजतो.

लेस्टरची_वहिनी:
इकडे इंग्लंडमध्ये सासऱ्यांच्या वेळी आम्हाला हर्बर्ट प्रोटोकॉलचा फॉर्म भरायला सांगितला होता. जॉर्ज हर्बर्ट म्हणून नॉर्मंडीच्या लढाईतले एक सैनिक होते, म्हातारपणी डिमेन्शिया झाला, केअर होममधून आपलं लहानपणचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले. त्यांच्या नावाने हा फॉर्म. माणूस हरवायच्या आधीच भरून ठेवायचा. ताजा फोटो, औषधं, जुने पत्ते, पूर्वी नोकरी कुठे, कुठल्या देवळात जायचे, कुठल्या बसने. हरवल्यावर घरच्यांना धड काही आठवत नाही, तेव्हा तो कागद पोलिसांच्या हातात द्यायचा.

तुमचं चर्नी रोड वाचून काटा आला अंगावर. भारतात हा फॉर्म नसला तरी कागद तुम्हीच करू शकता की. गिरगावच्या चाळीचा पत्ता, माहेरचा पत्ता, आई सांगते ते नाव (सासरे इकडे माहेरच्या... म्हणजे लहानपणच्या घरच्या नावानेच उत्तर द्यायचे). व्हॉट्सॲपवर तयार ठेवा.

पंत_पिंपरी:
वहिनींचं लाखमोलाचं. त्यात भर, हरवल्यावर २४ तास थांबायला लागतं ही अफवा आहे, असा कायदा नाही. लगेच ११२ लावा, चौकीत मिसिंगची नोंद करा. स्टेशनकडे गेल्याचा संशय असेल तर रेल्वेचा १३९. आणि एकंदर सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, बाबांच्या वेळी आम्हाला नंबरच माहीत नव्हता.

ठाणेकर_लेक:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. अपडेट देते. मावशी आता मी येईपर्यंत थांबतात. दाराचा सेन्सर बसवला, पहिल्याच दिवशी कुरिअरवाला, दूधवाला आणि माझा मुलगा मिळून ११ वेळा वाजला, सिस्टरांचं आठवलं. आता तो संध्याकाळी पाच ते सकाळी सातच चालू ठेवतो. कागद तयार केला, भावाला फोनवर आईच्या लहानपणचे पत्ते विचारले तर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत निघाले, तासभर बोललो, भांडलो नाही.

टॅग मुलीच्या फोनला जोडलाय. आईला न सांगता लावायचं मन होईना म्हणून डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तिला कळेल एवढंच सांगा पण सांगा. मी म्हटलं आई, तू बाहेर गेलीस की मला कळेल याने. तिने हातात घेऊन बघितलं, म्हणाली "मग मी चुकले तर तू येशील?" आणि स्वतः खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी विसरली अर्थात, पण खिशातून अजून काढलेलं नाही. बटण लावायचं काम तीच करते.

एक विचारायचं राहिलं, गाऊनबरोबर मशीनमध्ये धुतला गेला तर?

सिस्टर_नाशिक:
आमच्याकडे दोनदा गेलाय, चालू राहिला. पण प्रत्येक गाऊनला वेगळा घेऊ नका, एकच ठेवा आणि आंघोळीच्या कपड्यांबरोबर खिसा बदलायचं काम मावशींना सांगा. कपडे भिजवायच्या आधी.