व्हायब्रो मोटरचे 8.8 बोल्ट सारखे तुटतात. 12.9 टाकू का? आणि कोणत्या कंपनीचे?

स्क्रीनवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे माल चाळायची व्हायब्रेटिंग स्क्रीन आहे. दोन्ही बाजूंना एकेक व्हायब्रो मोटर (स्क्रीन थरथरवणारी मोटर), प्रत्येक मोटर चार एम16, म्हणजे 16 मिमी व्यासाच्या, बोल्टवर बसवलेली. मोटरच्या पाटीवर सेंट्रीफ्यूगल फोर्स 20 किलोन्यूटन आणि स्पीड मिनिटाला 1450 फेरे लिहिलंय. बोल्ट 8.8 ग्रेडचे (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा), पूर्ण आट्याचे. नटाखाली साधा वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. मोटरचा पाय 22 मिमी जाड, खालची पट्टी 16 मिमी.

बोल्ट तुटतो तो दरवेळी नटाच्या तोंडाशीच. मोटर पडली नाही हे नशीब. साहेब म्हणतात 12.9 टाका आणि विषय संपवा. स्टोअरवाल्याचं मत, माल डुप्लिकेट आहे, कंपनी बदला. मला स्वतःला वाटतंय स्टेनलेस टाकावं, निदान गंज तरी धरणार नाही. घट्ट म्हणाल तर पान्याला पाइप लावून चांगले आवळतो, त्यात कसर नाही.

ग्रेड आणि कंपनी दोन्ही सुचवा.

पाना_24

साहेबांचं ऐका. 12.9 म्हणजे 12.9. आणि स्प्रिंग वॉशर एकाऐवजी दोन टाका, बाप जन्मात ढिला होणार नाही.

तुटक्यांचा_डबा

दोन स्प्रिंग वॉशर! असो, त्यावर नंतर येते.

दादा, खरेदीला लागण्याआधी एक काम करा. तुटलेला बोल्ट तेलबिल पुसून उजेडात धरा आणि तुटलेल्या तोंडावर काय दिसतं ते इथे लिहा. गुळगुळीत भाग किती, खडबडीत किती, आणि तुटण्याआधी तो लांबून बारीक झालाय का. मोटरच्या पायाखालीही जरा बघा. बोल्टच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी नोकरी झाली. तक्रारीसोबत तुटके तुकडे यायचे तेव्हा पत्र मी नंतर वाचायचे, आधी तुकडा बघायचे.

स्क्रीनवाला

ताई, बघितलं. पाऊण भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर एकात एक अर्धगोल रेघा. उरलेला पाव भाग खडबडीत, चंद्रकोरीसारखा एका कडेला. बोल्ट लांबलेला किंवा बारीक झालेला नाही. भोकाच्या आत जो भाग येतो तिथले आटे एकाच बाजूने चेपून चकाकलेत. मोटरच्या पायाखाली तांबडी भुकटी निघाली. पट्टी रंगवलेली आहे, तिथला रंग जागोजागी सोललाय.

तुटक्यांचा_डबा

झालं तर मग. स्टोअरवाल्याला सांगा, या तुकड्यावरून तरी कंपनीला दोष देता येत नाही.

त्या अर्धगोल रेघा म्हणजे फटीगची, पुन्हा पुन्हा ताण बसून धातू थकल्याची, खूण. भेग एका कडेला सुरू झाली आणि थोडी थोडी आत सरकत गेली. खडबडीत पाव भाग सगळ्यात शेवटी, एका झटक्यात तुटलेला. आता बघा, पाऊण बोल्ट कापला गेला तरी उरलेल्या पाव भागावर तुमची मोटर चालतच होती. मग 8.8 ची ताकद कमी पडली असं म्हणायला जागा कुठे राहिली? तुटण्याची जागाही ठरलेलीच. नटात शिरणारा पहिला आटा एकटा जवळपास एक तृतीयांश भार घेतो, त्यामुळे भेग तिथेच जन्म घेते.

चेपलेले आटे आणि तांबडी भुकटी दुसरी गोष्ट सांगतात. मोटरचा पाय पट्टीवर सरकतोय. लोखंडावर लोखंड घासून जे झडतं, त्याचीच ती भुकटी.

थोडा हिशेब करू. ग्रेडमधला पहिला आकडा गुणिले 100 म्हणजे ताणाची ताकद, मेगापास्कलमध्ये. दुसरा आकडा सांगतो त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. 8.8 म्हणजे 800, आणि त्याचे 80 टक्के, 640. 12.9 म्हणजे 1200 आणि 1080. एम16 च्या आट्यांचं क्षेत्रफळ 157 चौरस मिमी. 8.8 चा एम16 नीट आवळला तर साधारण 68 किलोन्यूटनने पकडतो, म्हणजे जवळजवळ सात टन. चार बोल्ट मिळून 272. घर्षण 0.15 धरलं तर पाय सरकायला सुमारे 41 किलोन्यूटन जोर लागेल. तुमची मोटर 20 देते. भरपूर शिल्लक आहे की. पण पकड अर्ध्यावर आली की तेच 41 चे 20 होतात आणि पाय सरकायला लागतो. सरकला की बोल्टला दर फेऱ्याला वाक बसतो. 1450 च्या स्पीडला आठ तासांच्या पाळीत असे सात लाखांच्या आसपास वाक होतात.

आता साहेबांसाठी. जर्मन इंजिनीअरांच्या संघटनेची व्हीडीआय 2230 ही बोल्टजोडाची मार्गदर्शिका आहे. आटे रोल करून मग हीट ट्रीटमेंट केलेल्या बोल्टला किती उलटसुलट ताण कायम सोसवतो याचं सूत्र त्यात दिलंय. एम16 साठी उत्तर येतं साधारण ±46 मेगापास्कल. त्या सूत्रात फक्त व्यास आहे, ग्रेड नाहीच! 8.8 ला 46, 12.9 लाही 46. 12.9 चा फायदा आहे, पण तो जास्त आवळता येतो एवढाच. तुमच्या इतकाच आवळलात तर तोही तिथेच तुटेल.

मग पकड जाते कुठे? बोल्ट आवळल्यावर जो ताणला जातो, त्या ताणावरच सगळी पकड उभी असते. पाय आणि पट्टी मिळून 38 मिमी. एवढ्या लांबीत 68 किलोन्यूटनला बोल्ट ताणला जातो जेमतेम 0.08 मिमी. वहीचं एक पानही साधारण एवढंच जाड भरेल. आणि मध्ये रंगाचा थर! रंग 0.05 मिमी जरी दबला, तरी अर्ध्याहून जास्त पकड गेली. नट जागचा हललेलाही नसतो, पान्याला घट्टच लागतो, आणि आत जोड मात्र ढिला.

तेव्हा आधी रंग काढा. पायाखालचा आणि वॉशरखालचा, दोन्ही ठिकाणचा, खाली लखलखीत लोखंड दिसेपर्यंत. मग बोल्ट लांब करा. 35 मिमी लांबीचा जाड भिंतीचा बुश (नळीसारखा तुकडा) बोल्टच्या डोक्याखाली घाला, दोन्ही तोंडं लेथवर समांतर काढून. वॉशर धरून पकडीची लांबी 80 मिमीच्या आसपास जाईल, म्हणजे व्यासाच्या पाचपट. ताण 0.17 मिमीपर्यंत पोचतो. मग मिमीच्या एक-दोन शतांशाचं दबणं त्याला फारसं जाणवत नाही. माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

पाइपचं म्हणाल तर पाइप लावल्यावर किती जोर गेला हे कोणालाच कळत नाही. टॉर्क रेंच, म्हणजे पिळायचा जोर मोजून दाखवणारा पाना, घ्या. कोरड्या आट्यांना 210 ते 220 न्यूटन मीटर. पण मोली ग्रीस (मॉलिब्डेनमवालं) लावणार असाल तर 130 च्या आसपासच थांबा. टॉर्कमधला निम्मा जोर डोक्याखालच्या किंवा नटाखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांत, आणि ताणाला उरतात कसेबसे 10 टक्के. घर्षण कमी केलंत आणि टॉर्क तोच ठेवलात तर 8.8 चा एम16 लांबून जातो.

स्टेनलेस नको. ए2-70 ची ताकद 700, आणि लांबायला लागतो 450 वरच. 8.8 पेक्षा खाली. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आवळताना आटे एकमेकांत जाम होतात. मग ग्राइंडरशिवाय सुटत नाही. गंजाचीच भीती असेल तर झिंक-फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) लेप असलेले बोल्ट बघा.

पाना_24

ताई, सगळं मान्य. पण स्प्रिंग वॉशर तर सगळीकडे लावतात. उगाच लावतात का?

तुटक्यांचा_डबा

सवयीने लावतात. एम16 चा स्प्रिंग वॉशर काही किलोन्यूटनातच सपाट होतो. वर 68 चा भार असताना तो निव्वळ एक फाटलेला साधा वॉशर असतो. 1969 साली गेरहार्ड युंकर यांनी दाखवून दिलं की बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने जोड सरकत राहिला तर नट आपोआप उलटा फिरत सुटतो. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडव्या कंपनाच्या चाचणीत स्प्रिंग वॉशर फार टिकत नाही. डीआयएन 127 हे त्याचं जर्मन मानकही मागे घेतलं गेलं. दोन घातलेत तर दबायला आणखी दोन पृष्ठभाग वाढवलेत, एवढंच.

खरंच काही लावायचं असेल तर पाचरीचे जोडवॉशर लावा, नॉर्ड-लॉकच्या धर्तीचे. दोन वॉशरमधल्या पाचरींचा चढ आट्यांच्या चढापेक्षा जास्त असतो, म्हणून नट उलटा फिरायला गेला की बोल्ट उलट जास्त ताणला जातो. नाहीतर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावा, निळा वाला. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट चालेल, पण त्यातलं नायलॉन साधारण 120 अंशांच्या वर नको. आणि नायलॉक नट फक्त गळून पडायचा थांबतो. गेलेली पकड तो परत आणत नाही.

प्लेटिंगवाला

12.9 बद्दल माझीही भर. बाजारात पिवळे-पांढरे चकचकीत झिंक केलेले 12.9 ॲलन बोल्ट (डोक्यात षट्कोनी खाच असलेले) दिसले तर दोनदा विचार करा. 12.9 चा कडकपणा 39 ते 44 एचआरसी (रॉकवेल माप) असतो. एवढ्या कडक पोलादात ॲसिड धुण्यात आणि इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरतो. प्लेटिंगनंतर लगेच 190 ते 220 अंशांना कित्येक तास भाजलं नाही तर आवळताना बोल्ट काही बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं उडालेलं सापडतं, वर मशीन बंद असताना. 12.9 हवाच असेल तर काळा, तेलावलेला घ्या.

खरेदी_खातं

कंपनीचा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

बनवणारे आणि विकणारे यांत गल्लत करू नका. वुर्थ किंवा स्वित्झर्लंडच्या त्सुग गावातली बोसार्ड (1831 पासूनची पेढी) ही प्रामुख्याने विक्री आणि पुरवठा करणारी घरं. खोक्यावर त्यांचं नाव असतं, आत बोल्ट दुसऱ्याने घडवलेला असू शकतो. त्यात वाईट काही नाही, तपासणीची जबाबदारी ते घेतात. घडवणाऱ्यांत जर्मनीची कामाक्स, इटलीची फोंताना ही मोठी नावं, पण त्यांचा बराच माल थेट वाहन कारखान्यांना जातो. ॲलन बोल्टसाठी अनब्राको जुनं नाव.

मी नावाआधी डोकं बघतो. 8.8 षट्कोनी बोल्टच्या डोक्यावर ग्रेडसोबत बनवणाऱ्याचं चिन्ह असलंच पाहिजे, आयएसओ 898-1 हे आंतरराष्ट्रीय मानक तसं सांगतं. नुसतं 8.8 आणि चिन्ह नाही, तर तो बोल्ट मी स्टोअरमध्ये घेत नाही. खोक्यावर लॉट नंबर हवा आणि त्याच लॉटचं ईएन 10204 (युरोपीय मानक) चं 3.1 तपासणी सर्टिफिकेट हवं. नकली मालाचं दुखणं जगभर आहे. अमेरिकेत तिथल्या ग्रेड 8.2 च्या बोरॉन पोलादी बोल्टच्या डोक्यावर ग्रेड 8 च्या सहा रेघा मारून विकल्याची प्रकरणं निघाली होती (हे अमेरिकी ग्रेड, आपल्या 8.8 शी गल्लत नको). थंड असताना दोन्ही सारखेच, पण तापले की 8.2 लवकर मऊ पडतो. त्या गदारोळातून 1990 मध्ये तिथे फास्टनर क्वालिटी ॲक्ट आला.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पूर्ण आट्याचा षट्कोनी बोल्ट डीआयएन 933 ने मागवा नाहीतर आयएसओ 4017 ने, एम16 ला दोन्हीकडे 24 चाच पाना लागतो. पण एम10 आणि एम12 मध्ये फरक आहे. डीआयएनला 17 आणि 19, आयएसओला 16 आणि 18. दोन्ही एकाच डब्यात मिसळले की फिटर स्टोअरवाल्याच्या नावाने खडे फोडतो.

स्क्रीनवाला

सगळ्यांचे आभार. साहेबांना ±46 चा आकडा दाखवला, ते जरा गप्प झाले. रंग काढायला घेतलाय, बुश लेथवर आहेत. शेवटचं विचारतो. एका मोटरचा एकच बोल्ट तुटला तर फक्त तोच बदलायचा ना? आणि 100 मिमी लांबी पुरेल का?

तुटक्यांचा_डबा

चारही बदला. एक तुटला तेव्हा बाकीच्या तिघांनीही तेवढेच वाक सोसलेत, वर तुटलेल्याचा भारही उचलला. त्यांच्यात भेग सुरू झाली असेल तर ती बाहेरून दिसत नाही.

100 पुरेल. 38 अधिक 35 अधिक वॉशर म्हणजे 80, नट 15, वर दोन आटे बाहेर. ऑर्डरमध्ये नटाचा ग्रेडही लिहा, 8.8 ला 8 चा नट. वॉशर कडक मागवा, 200 एचव्ही (कडकपणाचं विकर्स माप) तरी हवाच, मऊ वॉशरमध्ये नट रुततो. चालू केल्यावर पहिल्या काही तासांनी बंद करून एकदा रेंच लावा, मग पाळी संपल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा नट हलला नाही तर नटावर आणि बोल्टच्या टोकावर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे रोज टॉर्च मारून रेघ बघितली तरी भागेल.