शनिवारचा बेल्जियन बँड आणि आपली कोजागिरी

मंडळी, नमस्कार.
शनिवारी संध्याकाळी इथे इंग्लंडमधल्या आपल्या फोकस्टनच्या चर्चमध्ये बेल्जियमहून आलेला ब्रास बँड वाजवणार आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या माणसांना या गावाने आसरा दिला, त्याचे आभार मानायला. तिकीट नाही, दाराशी डबा. जमेल ते पैसे निर्वासितांच्या जेवणाला. आपल्याकडे वड्यांचा स्टॉल मागितलाय. कोजागिरी तासभर पुढे ढकलायची का? चंद्र काही पळून जात नाही.
– चिटणीस

चंद्र नाही पळत, पण हॉलवाला दहाला कुलूप लावतो. गेल्या वर्षी दूध आटायच्या आत दिवे घालवले होते. शिवाय बेल्जियमचा नि आपला संबंध काय?
– काका

काका, संबंध गावाचा आहे. बेल्जियमचं अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडलं आणि १४ ऑक्टोबर १९१४ ला एका दिवसात १६,००० माणसं आपल्या या बंदरावर उतरली. मासेमारीच्या होड्यांतूनसुद्धा. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये अडीच लाख बेल्जियन येऊन गेले. मग सरकारने जायचं फुकट तिकीट हातावर ठेवलं, वर्षभरात बहुतेक सगळे परत. म्हणूनच कुणाला आठवत नाहीत. लंडनला थेम्सकाठी बेल्जियमने १९२० मध्ये आभाराचं स्मारक उभारलंय, क्लिओपात्राच्या सुईसमोरच (इजिप्तहून आणलेला तो उंच दगडी खांब). लोक सुईचा फोटो काढतात, याच्याकडे पाठ करून!

काल सरावाला गेले होते. मोठा ढोल दारातून आत जाईना, शेवटी तिरका करून दोघांनी पोटाशी धरून नेला. ट्यूबावाल्या पोराची पणजी याच गावात राहिलेली. घर कुठलं ते त्याला माहीत नाही. पणजीचं एकच वाक्य घरात टिकलंय : माणसं चांगली, कॉफी पाणचट.

आणि काका, तुम्ही कोल्हापूरचे ना? मग वळिवडे विसरलात?
– चिटणीस

वळिवड्याचं नाव काढलंस, आता बोलायची सोय नाही. १९४३ ते ४८, तिथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-पोरं. माझे वडील सायकलवरून त्या छावणीत दूध घालायचे. म्हातारपणीही सकाळी आईला 'जेन दोब्री' (पोलिशमधला नमस्कार) म्हणायचे, आई चिडायची. ते लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते. वळिवड्याची कितीतरी पोरं पुढे इंग्लंडातच स्थायिक झाली. तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि इथे मी संबंध विचारतोय.

येतो. पण चर्चच्या स्वयंपाकघरात तळू नका, धुराचा अलार्म लगेच कोकलतो. वडे घरून तळून आणा, चटणी वेगळ्या डब्यात. दूध मी दुपारीच आटवून ठेवतो. केशर मात्र मंडळाच्या खर्चातून.
– काका