विषय: आई-बाबा ऐन रमजानात येताहेत

प्रेषक: अल खुवैरची नवी मंडळी
१० मार्च २०२५

मंडळी, नमस्कार.

आम्हाला मस्कतला येऊन जेमतेम सात महिने झालेत. २२ तारखेला माझे आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. दोघांनीही अजून देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. शेवटचे रोजे, ३० ला आपला पाडवा आणि लागलीच ईद, असं सगळं एकदम त्यांच्या वाट्याला येणार. आईचे प्रश्न रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. साडी चालेल का, कुंकू लावू का, मंगळसूत्र आत घालू का बाहेर? बाबांना मधुमेह आहे. सकाळी तासभर चालतात आणि खिशात बिस्किटं ठेवतात. त्यातून शेजारच्या घरातल्या ओमानी आजींनी आत्तापासूनच बजावून ठेवलंय की ईदला सगळ्यांनी यायचंच. आई-बाबा पक्के शाकाहारी. काय सांगायचं त्यांना?

ईदनंतर दोघं चार दिवस दुबईला माझ्या बहिणीकडेही जातील.

---

प्रेषक: रुवीचे काका
११ मार्च २०२५

अगं, साडीची काळजी सोड. मत्रा सूकमधल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, दुकानदारांनी आपल्या साड्या तुझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात. इथे १९७० पर्यंत रुपयाच चालायचा, आणि रियालच्या सुट्ट्याला आजही ‘बैसा’ म्हणतात, म्हणजे आपला पैसाच. कुंकू, मंगळसूत्र खुशाल मिरवू दे. दारसैतच्या कृष्ण मंदिरात आणि जुन्या मस्कतच्या शिवमंदिरातही घेऊन जा, आईचा निम्मा धसका तिथेच उतरेल.

फक्त सुलतान काबूस मशिदीत साडी नको, पोट-पाठ दिसते. लांब बाह्यांचा सलवार-कुर्ता आणि केस नीट झाकणारी ओढणी. बाबांना पूर्ण पँट. मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ सोडतात, शुक्रवारी नाही. रमजान आहे, तेव्हा निघण्याआधी वेळ पुन्हा बघून घे. आतला गालिचा ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद. इराणमधल्या ६०० बायकांनी चार वर्षं खपून विणलाय. आपण मात्र त्यावर अंथरलेल्या निळ्या पट्टीवरूनच चालायचं. मी १९९४ पासून इथे आहे, २००१ साली मशीद उघडली तेव्हापासून पाहुण्यांना नेतोय, आणि दर वेळी कोणीतरी त्या पट्टीबाहेर पाय टाकतंच.

आता बाबा. दिवसा चारचौघांत खाणं, पाणी पिणं, सिगरेट ओढणं हा रमजानात इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि गाडीत बसून खाल्लं तरी ते चारचौघांतच धरतात. घरात कोणी विचारायला येत नाही. चालणं सूर्योदयापूर्वी उरकायचं, नाहीतर रात्री आठनंतर. साखर उतरलीच तर जीव आधी. आडोसा बघायचा आणि गोळी तोंडात टाकायची. कोणाही ओमानी माणसाला खूण केलीत तर तोच तुम्हाला आत बसवेल. आणि इफ्तारच्या आधीची वीस मिनिटं गाडी बाहेर काढू नकोस. सगळ्यांनाच घरी पोचायचं असतं, पोटात काही नसतं, आणि चालवतातही तसंच.

मत्राच्या समुद्रकाठी एक कमान दिसेल, आत सूर अल लवातिया, खोजा लोकांची जुनी वस्ती. मूळचे सिंध-कच्छकडचे लोक. ती राहती घरं आहेत, बाहेरच्यांनी आत शिरायचं नसतं. बाबांच्या हातात कॅमेरा असेल तर आधीच सांगून ठेव. बायकांचे फोटो तर कुठेच नाहीत.

ईदचं आमंत्रण मोडू नकोस. तिथे काय करू नये याची यादी पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट शिकवून ने, ती म्हणजे काहवा, इथली कॉफी. छोटा बिनकानाचा पेला असतो, फिंजान. ओतणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, धरून उजव्याने पेला देतो, आपणही उजव्यानेच घ्यायचा. घोट-दोन घोटच ओततात. संपला आणि पेला नुसता परत दिला, की तो पुन्हा भरून येतो. पुरे झालं असेल तर पेला मनगटातून दोन-तीनदा हलवायचा. तोंडाने ‘बस, बस’ म्हटलेलं ते संकोच समजतात.

---

प्रेषक: वादी कबीरची मावशी
११ मार्च २०२५

काकांचं सगळं बरोबर, पण ते पुरुषांच्या बैठकीत बसतात. बायकांकडचं मी सांगते.

शाकाहाराचं आजींना आजच सांगून टाक. त्या दिवशी ताटावर बसून सांगणं म्हणजे यजमानाची फजिती. इथे गुजराती बनियांची घरं पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे ‘मांस खात नाही’ हे ओमानी बाईला मुळीच नवं नाही. ईदला त्यांच्याकडे अरसिया होतं, भात आणि मांस घोटून घोटून केलेलं. मग मिश्काक, सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे. आणि शुवा, म्हणजे मसाला चोळलेलं मांस पानांत बांधून जमिनीतल्या भट्टीत दिवस-दोन दिवस पुरून ठेवतात. यातलं तुझ्या आईला काहीच नाही. खजूर आणि फळं आहेतच. हलव्यात मात्र काही ठिकाणी अंडं घालतात, तेवढं विचारून घे. दिसायला आपल्या माहीमच्या हलव्यासारखा असेल अशी कल्पना करू नका, हा चमच्याने खायचा, चिकट, तुपात निथळणारा असतो.

चपला दारात. बायका बायकांकडे, पुरुष पुरुषांकडे. बाबांनी बाईपुढे आपणहून हात करायचा नाही, छातीवर हात ठेवून मान लववली की पुष्कळ झालं. शेवटी लोबानची धूपदाणी फिरते. ती आली की निघायची वेळ झाली म्हणून समजायचं, हळदीकुंकवात अत्तर-गुलाबपाणी झाल्यावर आपण पाटावरून उठतो ना, तसंच.

आणि पाडव्याचं. बाल्कनीत उघड्यावर कपडे वाळत घालायला नगरपालिकेची बंदी आहे. आता काठीला बांधलेली साडी हे वाळत घातलेलं कापड की गुढी, हे इन्स्पेक्टरला समजावत बसण्यापेक्षा मी ती हॉलमध्ये खिडकीशी उभारते. पुरणपोळ्या शेजारी द्यायच्या तर सकाळी नाही गं. उपाशी माणसापुढे तुपाचा वास न्यायचा नाही. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेच्या, अर्धा तास आधी झाकून द्यायच्या, इफ्तारच्या ताटात जातात.

परवा होळी. रमजानच्या मध्यावर आपली पौर्णिमा आली की मुलांचं करनकशो पण आलं. गाणी म्हणत दारोदार येतील, मुठी भरून खाऊ तयार ठेव. गेल्या वर्षी माझ्याकडचा संपला आणि मी शेवटी शेंगदाण्याची चिक्की फोडून वाटली.

---

प्रेषक: सोहारकर
१२ मार्च २०२५

महत्त्वाचं राहिलं. आई दुबईला जाणार आहेत म्हणून लिहितो. संयुक्त अरब अमिरातींत खसखस ही बंदी असलेली वस्तू आहे, अमली पदार्थांत गणली जाते. अनारसे, मसाल्याची पुडी, डिंकाचे लाडू, कशातही नको. पिशवीच्या तळाशी सांडलेली असेल तर तीही झटकून टाका.

---

प्रेषक: अल खुवैरची नवी मंडळी
४ एप्रिल २०२५

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहिते, कारण काकांनी शिकवलेलं आम्ही वाया घालवलं.

पाडव्याला मजाच झाली. आदल्या रात्री बहिणीचा दुबईहून फोन, “उद्या आमची ईद!” सौदीत आणि तिकडे चंद्र दिसला, इथे दिसला नाही. म्हणजे ३० मार्चला तिकडे ईद, आणि इथे तिसावा रोजा नि आमची गुढी. बाबा म्हणाले, म्हणजे आपल्याकडे तिथीवरून भांडतात तसंच की. गुढी मावशींच्या सांगण्याप्रमाणे खिडकीशी. कडुनिंब खालच्या रस्त्यावरच मिळाला. पोळ्या पावणेसहाला दिल्या, सव्वासहाच्या पुढे बांग झाली आणि दहा मिनिटांत आजींचा नातू खजुराचं ताट घेऊन दारात.

३१ ला ईद. बाबांना पेला हलवायचं घरी तीनदा करून दाखवलं होतं. तिथे गेल्यावर एवढी माणसं उठून उभी राहिली की ते सगळं विसरले. पेला परत देत आणि हात जोडत. हात जोडले की त्या मुलाला वाटे, पाहुण्यांना आवडलंय. सात पेले प्यायले. सातव्याला आजोबांनी स्वतः त्यांचं मनगट धरून हलवून दाखवलं, तेव्हा सुटका झाली. रात्री दोनपर्यंत जागे होते.

आत बायकांकडे वेगळंच. आजींनी धूपदाणी आईच्या पदराखाली धरली, कापडात वास मुरावा म्हणून. आईने दोन्ही हात पुढे केले, धुरावरून फिरवले आणि तोंडावरून घेतले. आरती घेतात तसे. मी पुढे होऊन काही सांगणार तोच आजींच्या सुनेनेही हसत तसंच केलं, मग तिच्या मुलीने. आजींनी धूपदाणी जागेवरच धरून ठेवली, सगळ्यांचं होईपर्यंत.

हलवा अंड्याशिवायचा होता, मुद्दाम विचारून आणलेला. आईला तांदळाची वेगळी ताटली. आणि आमच्या ‘हे’ खातात हे आजींना कुठून कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी शुवाचं पातेलं घरी आलं.

तेच विचारायचं होतं. आई म्हणते, पातेलं रिकामं परत द्यायचं नाही. सोहारकरांच्या मेलनंतर तिने खसखस टाळून तीळ लावून अनारसे केले होते, त्यातले आठ उरलेत. घर मोठं आहे त्यांचं. पुरतील का?

---

प्रेषक: रुवीचे काका
४ एप्रिल २०२५

पुरतील. पण पातेलं तू आणि आई नेऊन द्या. बाबांना घरी ठेवा.