टीएसएच वाढलंय, मग गोळीपण वाढवायची?

सासूबाई ६३ वर्षांच्या, थायरॉइडची गोळी ८ वर्षं चालू आहे. परवाच्या रिपोर्टात टीएसएच ९.२ आलं, लॅबची वरची मर्यादा ४ च्या आसपास. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची केली. तेव्हापासून सासूबाई हटून बसल्यात, "आधीच वाढलंय म्हणतेस, वर गोळीही वाढवतेस?" समोरच्या काकू तर म्हणतात, आठवडाभर बंदच ठेवा. खरं सांगू, मलाही नीट समजावता येत नाहीये. कुणी सोपं करून सांगेल का? (आम्ही कासारवडवली, ठाणे.)

चकलीवाला: गोळी बंद करू नका! टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ते थायरॉइडमध्ये बनतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतून. घोडबंदरला राहता म्हणजे पाण्याची बोंब माहीत असेलच. टाकी आटली की सेक्रेटरी पंपवाल्याला फोनवर फोन करतो, भरली की गप्प. सेक्रेटरी म्हणजे पियुषिका, पंपवाला थायरॉइड, टाकीतलं पाणी रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड बनवतं ते संप्रेरक; गोळीतही तेच असतं. टीएसएच म्हणजे ते फोन. फोन वाढलेत म्हणजे पाणी कमी आहे. सेक्रेटरीच्याही वर चेअरमन असतो, मेंदूतला हायपोथॅलॅमस. तो टीआरएच नावाचं संप्रेरक पाठवून त्याला ढोसतो, आणि टाकी भरली की तोही थंड. गोळी म्हणजे बाहेरून मागवलेला टँकर.

निवांत_नेरूळ: उदाहरण झकास. पण ८ वर्षं जमलेलं आत्ताच का बिघडलं? गोळी घेतात कशी? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी नव्याने सुरू झालीय का? ती आणि थायरॉइडची गोळी यांत ४ तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषलं जात नाही.

धागाकर्ती: आत्ता डबा उघडून बघितला. 'सकाळ'च्या खणात दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी! गुडघ्यांसाठी दिवाळीपासून कॅल्शियम चालू आहे, आणि दोन्ही चहाच्या घोटाबरोबर. खण मीच भरते... डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं. मग ७५ सुरू करू की ५० च?

निवांत_नेरूळ: ते इथे नका ठरवू, डॉक्टरांना फोन करा. आणि लगेच पुन्हा रक्त द्यायला धावू नका. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, आकडा स्थिरावायला ६ आठवडे तरी जातात.

धागाकर्ती: केला फोन. तूर्त ५० च, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. ६ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. टँकरचं सासूबाईंना पटलं. चहा तासभर उशिरा, हे अजून पटलेलं नाही.