रक्ताची 'गाठ' की 'गुठळी'? आणि कॉलर बोनला तुमच्याकडे काय म्हणतात?

दूर्वा_पुणे
एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागासाठी सूचनापत्रकं मराठीत करते आहे. कॉलर बोन मोडलेल्यांच्या पत्रकावर अडले. मजकूर असा: मोडलेल्या हाडामागच्या शिरेत क्वचित रक्त गोठून बसतं. हात टम्म सुजला, निळसर पडला, छातीवर-खांद्यावर शिरा उठून दिसू लागल्या तर लगेच या. दम लागला, छातीत दुखलं तर अजिबात थांबू नका, कारण गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतं.

जुन्या पत्रकात 'रक्ताची गाठ' आहे. परभणीकडच्या एक मावशी, मुलाचा हात गळ्यात बांधलेला, त्या ओळीपाशी थांबल्या. कागदाची घडी घालून मुलाला दिसणार नाही अशी धरली आणि मला हळूच विचारलं, "बाई, गाठ म्हंजे तुकडा तपासायला पाठवतेत ती का?" मुलगा जेमतेम विशीचा, मोटारसायकलवरून पडलेला. 'गाठ' नकोच, एवढं तिथेच ठरलं. मग काय लिहू? आणि कॉलर बोनला बोलण्यातला शब्द आहे का?

निवडुंग
गुठळी. दुसरा विचार करू नका. पिठल्यात होते तीच. चांद्यापासून बांद्यापर्यंत कळेल. गाठ मारावी लागते, गुठळी आपली आपण होते.

साकवापलीकडे
आमच्या कुडाळकडे रक्त 'साखळतं'. मार लागला की आजी म्हणायची, "रक्त साखाळला". मग आंबेहळद नि रक्त्याबोळ उगाळून गरम लेप. साखळीसारखं एकात एक अडकतं म्हणून साखळणं. इतका नेमका शब्द असताना स्वयंपाकघरातला कशाला?

पाटीपेन्सिल
शब्द 'साकळणे' आहे, 'साखळणे' नव्हे. साकळणे म्हणजे एका जागी गोळा होणे. मला तर ते सरळ 'संकलन'वरून आलेलं दिसतं. साखळीचा इथे काही संबंध नाही.

साकवापलीकडे
संकलनाचा तरी काय पुरावा आहे? आमच्या तालुक्यात 'क' म्हणणारा माणूस दाखवा. लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलतात तो उच्चार अशुद्ध कसा होतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

डॉ_खांदेकरी
क की ख ते तुम्ही ठरवा, पण या पत्रकात साकळणं-साखळणं दोन्ही नको. कारण वैद्यकीय आहे. मुक्या मारात रक्त वाहिनीबाहेर येऊन कातडीखाली जमतं, काळंनिळं दिसतं. आजी 'साखळलं' म्हणत ते हेच, आणि बरोबरच म्हणत. दूर्वाताई लिहितायत ते वाहिनीच्या आत गोठलेलं रक्त. हातातून परत येणारी मोठी शीर कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जाते. मोडलेलं टोक, सूज, किंवा पुढे हाड जुळताना त्यावर चढणारा नवा थर यांनी ती दाबली जाऊ शकते. त्यात हात हलत नाही, रक्त रेंगाळतं. हे क्वचितच होतं, बहुतेकांचं हाड नुसत्या झोळीवर जुळतं. पण 'रक्त साखळलंय' असं वाचलं की घरचे तेल घेऊन चोळायला बसतात, आणि शिरेत गुठळी असताना चोळणं धोक्याचं. अशा वेळी आधी डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी) करायची. त्यामुळे माझं मत गुठळीला.

जुना_बखरकार
इंग्लंडचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील याच हाडाने गेले. २९ जून १८५० ला घोड्यावरून पडले, २ जुलैला मृत्यू.

डॉ_खांदेकरी
त्यांच्या बाबतीत हाडाखालची वाहिनी फाटून आत रक्तस्राव झाला असं मानतात. म्हणजे गोठणं नव्हे, वाहणं. दोन्हींवरचे उपचार अगदी उलटे. गुठळीसाठीचं औषध रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेतेल.

शब्दनिष्ठ
थ्रॉम्बोसिसला, म्हणजे वाहिनीत रक्त गोठण्याला, 'अंतर्क्लथन'; एम्बॉलिझमला, म्हणजे गुठळी सुटून दुसरीकडे अडकण्याला, 'अंतर्कीलन'; कॉलर बोनखालच्या त्या शिरेला 'अधोजत्रुक नीला'. हे सगळे शब्द तयार आहेत. 'क्लथ्' हा धातू वैदिक आहे. आपण शब्द वापरायचे नाहीत आणि मग ते रुळले नाहीत म्हणायचं! 'ऑक्सिजन'साठी 'प्राणवायू' रुळलाच ना?

निवडुंग
प्राणवायू रुळला कारण प्राण आणि वायू दोन्ही शब्द घरात होते. क्लथन कुणाच्या घरात आहे? हे पत्रक त्या मावशींनी रात्री मुलाचा हात सुजल्यावर वाचायचंय. शाळेच्या पुस्तकातसुद्धा 'रक्त गोठणे' आहे.

शब्दनिष्ठ
भीतीने रक्त गोठतं, थंडीनेही गोठतं. एकच शब्द किती ठिकाणी ताणायचा? शास्त्राला वेगळा शब्द लागतोच, आणि तो आज वापरला नाही तर मराठीत वैद्यक कधीच शिकवता येणार नाही. मला ही फार गंभीर गोष्ट वाटते.

अवग्रह
कॉलर बोनसाठी जुना शब्द 'जत्रु'. वाल्मीकि रामायणात, बालकांडाच्या पहिल्याच सर्गात रामाला 'गूढजत्रु' म्हटलंय, म्हणजे खांदे इतके भरलेले की हे हाड वर दिसत नाही. आयुर्वेदात डोळे, कान, नाक, घसा यांचे रोग ते 'ऊर्ध्वजत्रुगत'. 'अक्षक' असाही शब्द आहे. बोलीतला म्हणाल तर 'हासळी'. हिंदीत 'हँसली' हाडालाही म्हणतात आणि गळ्यातल्या दागिन्यालाही.

माहेरवाशीण_अकोला
आमच्याकडे हासळी हा फक्त दागिना. जाड, वाकवलेला, चांदीचा. आईच्या मामीकडे होती. हाडाला कुणी हासळी म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'खवाटा निखळला' म्हणतात.

पाटीपेन्सिल
खवाटा म्हणजे पाठीकडचं चपटं हाड, फरा. पुढचं नव्हे.

माहेरवाशीण_अकोला
आमच्याकडे अख्खा खांदाच खवाटा. "खवाट्यावर पोतं घे" म्हणतो ते काय पाठीवर?

दूर्वा_पुणे
सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, 'शिरेत रक्ताची गुठळी' लिहिते आणि 'चोळू नका' ही ओळ ठळक घालते. हाडासाठी 'गळ्याखालचं आडवं हाड (कॉलर बोन)' चालेल का? सोमवारी छपाईला द्यायचंय.

साकवापलीकडे
खवाट्याला आमच्याकडे 'पाखोटो'. आणि पाटीपेन्सिल, फरा जनावराचा असतो, माणसाचा नाही.

पाटीपेन्सिल
माणसाचाही असतो. "फऱ्यात चमक भरली" कधी ऐकलं नाहीत?